दारावरची थाप

आमच्या दहिसरच्या घरी नातू आला, तेव्हा तिसऱ्याच दिवशी आरोग्य स्वयंसेविका दारात उभी. ‘इस्पितळ हाकेवर असताना ही कशाला?’ मी पुटपुटले. तिनं बाळाच्या तळपायाला हात लावला. पाय गार होता. लगेच तिनं बाळाला सुनेच्या उराशी ठेवून वर पांघरूण घातलं. मी वरमले.

तान्ह्याचं दुखणं घरातच सुरू होतं. ते वेळेवर ओळखणारं माणूस लागतं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं १९९५ पासून ३९ गावांतल्या बायकांनाच हे शिकवलं: वजन करणं, ऊब देणं, जंतुसंसर्ग ओळखणं, प्रसंगी इंजेक्शन देणंसुद्धा. आधी हजारी ६२ नवजात बाळं दगावत. तिसऱ्या वर्षी २५. हा अभ्यास १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. पुढे महाराष्ट्रातल्या इतर संस्थांनी तो आपापल्या भागात करून पाहिला. २०११ मध्ये केंद्र सरकारनं आशा कार्यकर्त्यांच्या घरभेटी ठरवून दिल्या: इस्पितळात जन्मलेल्या बाळासाठी बेचाळीस दिवसांत सहा.

पण कागदावरचं धोरण बाळापर्यंत पोचतं ते घरच्यांनी दार उघडलं तरच. सातव्या दिवशी ती पुन्हा आली, तेव्हा मीच पुढे झाले.