लॅब स्लिपवरची रिकामी जागा: कवळीचं डिझाइन नक्की कोण करतं?

ज्यांना पूर्ण ऑडिओ ऐकायला वेळ नाही, त्यांच्यासाठी हा भाग थोडा साफसूफ करून लिहून देतोय.

आजचा विषय दातांचा आहे. काही दात पडलेत, काही शाबूत आहेत आणि रिकाम्या जागी काढता-घालता येणारी कवळी बसवायची आहे. हिलाच पार्शल डेंचर म्हणतात. तुम्ही म्हणाल, आम्ही पंचविशीतले, आम्हाला काय त्याचं? पण आई-बाबांना, आजीला दवाखान्यात नेणारे आणि काउंटरवर क्यूआर स्कॅन करणारे आपणच असतो ना!

तर पहिली गोष्ट. ही कवळी सहसा डॉक्टर स्वतः बनवत नाहीत. ते तोंडाचं माप घेतात आणि लॅबला पाठवतात. तिथे टेक्निशियन ती बनवतो. आपल्या १९४८ च्या डेंटिस्ट्स अ‍ॅक्टमध्ये त्याला 'डेंटल मेकॅनिक' म्हटलंय. त्याने पेशंटला बहुतेक वेळा पाहिलेलंच नसतं. दोघांच्या मधे असतो एक कागद, लॅब स्लिप. मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे मला ती सरळ रिक्वायरमेंट डॉक्युमेंटच वाटते.

एका मित्राच्या पुण्यातल्या लॅबमध्ये मी अशा स्लिपा चाळल्या. बऱ्याच स्लिपांवर एवढंच होतं: 'खालची पार्शल, शेड ए२, शुक्रवारी पाहिजे.' डिझाइनची जागा कोरी. आमच्याकडे कुणी 'अ‍ॅप बनवा, निळं पाहिजे' एवढंच लिहून पाठवलं तर काय होईल, विचार करा. आणि हे फक्त पुण्यात होतं असं नाही. वेगवेगळ्या देशांत झालेल्या पाहण्यांमध्येही हेच दिसलंय: डिझाइन डॉक्टरांनी ठरवायचं असतं, आणि प्रत्यक्षात ते लॅबवर सोडलं जातं.

ठरवायचं असतं तरी काय?

एका जबड्यात १६ दात. प्रत्येक दात आहे किंवा नाही. सगळे असलेले आणि सगळे पडलेले हे दोन प्रकार सोडले, तर ६५,५३४ शक्यता उरतात. एडवर्ड केनेडी नावाच्या डेंटिस्टने १९२५ मध्ये या सगळ्यांचे चार वर्ग पाडले. ते आजही वापरात आहेत. पण वर्ग कळला म्हणजे डिझाइन झालं असं नाही.

चांगल्या कवळीला धातूची फ्रेम असते, बहुतेकदा कोबाल्ट-क्रोमियमची. तिचे तीन भाग लक्षात ठेवा. एक, दाताला धरणारा आकडा, म्हणजे क्लास्प. दोन, दातावर टेकणारा छोटा ठोकळा, म्हणजे रेस्ट. चावताना येणारा भार हिरडीवर न जाता दातावर जावा, हे त्याचं काम. तीन, डावी-उजवी बाजू जोडणारी पट्टी.

आकड्याचं टोक दाताच्या फुगीर भागाच्या खाली शिरून पकड घेतं. किती खाली? ओतीव कोबाल्ट-क्रोमियमसाठी साधारण ०.२५ मिलिमीटर. वाकवलेली तार जास्त लवचिक असते, ती ०.५ मिलिमीटरपर्यंत चालते. कमी शिरलं तर कवळी निसटते, जास्त शिरलं तर दात ओढला जातो. ही मोजणी सर्व्हेयर नावाच्या साध्या यंत्रावर, प्लास्टरच्या मॉडेलवर होते.

क्रम चुकला की संपलं

खरी गंमत रेस्टमध्ये आहे. रेस्ट बसायला दातावर छोटी खाच करावी लागते. ती डॉक्टरच करू शकतात, आणि तीही शेवटचं माप घेण्याआधी. म्हणजे क्रम असा: आधी कच्चं माप, त्या मॉडेलवर डिझाइन, मग तोंडात खाचा, मग शेवटचं माप, मग लॅब.

आता एकच माप घेऊन कोरी स्लिप पाठवली तर? टेक्निशियन मॉडेल बघतो, खाच कुठेच नाही. रेस्ट तसाच ठेवला तर चावताना तो आधी लागणार. रेस्ट गाळला तर कवळी हळूहळू हिरडीत रुतणार. टेक्निशियन कितीही हुशार असला तरी पेशंटचा दात त्याच्या टेबलावर नसतो.

प्लास्टरमध्ये सगळेच दात घट्ट

माझ्या मावशीचंच सांगतो. खालच्या दोन्ही बाजूंच्या दाढा गेलेल्या. उरलेल्यातला एक दात हलत होता. दवाखान्याच्या केसपेपरवर ते लिहिलेलंही होतं, पण लॅब स्लिपवर नव्हतं. लॅबने त्याच दातावर आकडा घातला, कारण मॉडेलवर तोच सगळ्यात सोयीचा दिसत होता. प्लास्टरमध्ये हलणारा दात कळणार कसा? वर्षभरात दात गेला. आकड्याचा आधारच गेल्यामुळे कवळीही बाद. मावशी आता डब्यात पोळी न्यायची सोडून भातच नेते.

यात माहिती नव्हती असं नाही. ती होती, फक्त पुढच्या माणसापर्यंत पोचली नाही.

उलट बाजूही आहे. टेक्निशियनला दिसतं ते डॉक्टरांना कधीकधी दिसत नाही. खालच्या जबड्यात जिभेच्या बाजूने पट्टी न्यायची तर हिरडीच्या कडेपासून खाली साधारण ७ ते ८ मिलिमीटर जागा लागते. तेवढी नसेल तर त्याने फोन करून विचारायला हवं. आमच्याकडे कोड रिव्ह्यूमध्ये कमेंट टाकतात, तसंच. पण डिलिव्हरी शुक्रवारी आणि डॉक्टर फोन उचलत नाहीत, मग काय? अंदाज.

मग स्कॅनर आला की प्रश्न सुटेल?

तोंडात फिरवायचे स्कॅनर आलेत, मापाची फाइल मेलने जाते. छान आहे. पण नेहमीच्या एसटीएल फाइलमध्ये फक्त त्रिकोण असतात. रंग नाही, एककही नाही. दात हलतोय का, पेशंट हसताना आकडा दिसलेला चालेल का, हे त्यात कुठून येणार?

साध्या नंबराचंही तसंच. आपल्याकडे सहसा वापरतात त्या एफडीआय पद्धतीत २६ म्हणजे वरची डावी पहिली दाढ. अमेरिकेतल्या पद्धतीत २६ म्हणजे खालचा उजवा पुढचा दात. पद्धत न लिहिता नुसता नंबर टाकला तर काय होईल, हे कुठल्याही प्रोग्रॅमरला सांगायला नको.

आपण काय करायचं?

घरच्यांना घेऊन जाल तेव्हा तीनच प्रश्न विचारा, शांतपणे:

१. डिझाइन तुम्ही काढून देणार की लॅब ठरवणार?
२. शेवटच्या मापाआधी दातांवर काही तयारी करायची आहे का?
३. धातूची फ्रेम आधी तोंडात बसवून बघणार ना?

आणि एखादा दात हलत असेल तर तो लॅब स्लिपवर लिहिलाय का, तेही विचारा. चांगले डॉक्टर या प्रश्नांनी चिडत नाहीत. बरेचसे तिथेच पेन काढून आकृती काढून दाखवतात. ती आकृतीच स्लिपबरोबर जाऊ द्या.

तुमच्या घरी कुणाला कवळीचा असा अनुभव आला असेल तर व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या भागात!