तिजोरीत उद्यासाठी किती?

संध्याकाळी तिजोरी बंद करताना बँकेच्या रोखपालापुढे रोज तोच प्रश्न असतो : उद्यासाठी किती रक्कम ठेवायची? जास्त ठेवली तर पैसा नुसता पडून राहतो, वर राखणीची जोखीम. कमी ठेवली तर भर दुपारी रांगेतल्या पेन्शनरला ‘उद्या या’ म्हणायची पाळी. आणि उद्या किती माणसं येणार, हे कुणालाच ठाऊक नसतं.

फ्रान्सिस एजवर्थ या अर्थशास्त्रज्ञाने १८८८ मध्ये हा प्रश्न गणितात मांडला. एकेक खातेदार लहरी खरा. पण हजारोंच्या लहरी एकमेकींना बऱ्याच अंशी खोडून काढतात. म्हणून खातेदार चौपट झाले, तरी सरासरीच्या वर ठेवायची शिल्लक दुप्पट केली की भागतं.

पुढे हे गणित ‘पेपरविक्याचा प्रश्न’ म्हणून प्रसिद्ध झालं. समजा, चार रुपयांना घेतलेला अंक पाचला विकायचा आणि उरलेला रद्दीतही जात नाही. अंक कमी पडला तर बुडतो एक रुपया, उरला तर चार. अशा वेळी, पाचांतले साधारण चार दिवस अंक संपून जातील इतकेच घ्यावेत, असं हिशेब सांगतो. नऊ वाजताच ‘संपला’ म्हणणाऱ्या पेपरवाल्यावर वाचकांनी उगाच रागावू नये!

बँकेत मात्र एक रकाना अवघड. रक्कम उरल्याचा तोटा व्याजात मोजता येतो. रिक्षा करून आलेले आजोबा औषधाच्या पैशांविना परत गेले, तो तोटा कुठे लिहायचा? माझ्या पाहण्यात तिथे बहुधा शून्यच असे. २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने, महिन्यात दहा तासांहून अधिक काळ रोकड नसलेल्या एटीएममागे दहा हजार रुपये दंड जाहीर केला. रक्कम योग्य की अयोग्य, यावर वाद घाला. पण त्या रकान्यात आकडा आला, हे मला मोठं वाटतं.

एजवर्थचा हिशेब एका गृहीतावर उभा आहे : खातेदार आपापल्या कारणाने येतात. पगाराची तारीख, गणपती, दिवाळी हे गृहीत मोडतात. म्हणून अनुभवी रोखपाल त्या दिवसांचे आकडे सरासरीत मिसळत नाहीत. ८ नोव्हेंबर २०१६ ला चलनातल्या सुमारे ८६ टक्के मूल्याच्या नोटा रद्द झाल्या, तेव्हा सगळे एकाच कारणाने आले. त्या रांगांसाठी मागचा कुठलाच आकडा हाताशी नव्हता.