सहा फुटी टाकीला फिल्टर घेताय? आधी खाद्याचा हिशोब करा



आपल्या कोहिनूर-बसवकल्याण पट्ट्यातून हैदराबादचा हायवे जवळ, आणि तिकडं जिवंत मरळीला गिऱ्हाईक असतं. मृग निघाला की दम्यासाठी जी मासळी गिळायला देतात, तीही मरळीचीच पिल्लं. (त्याच्या गुणाबद्दल आम्ही काही बोलत नाही, मागणीबद्दल बोलतोय.) त्यामुळं दुकानात नाहीतर घरी मोठी काचेची टाकी ठेवावी, चार पैसे जास्त सुटतील, असा विचार बरेच जण करतात. टाकी होते. गाडी अडते ती फिल्टरवर. शहरातला दुकानदार दहा हजारांच्या पुढचा डबा दाखवतो, आणि तो घेऊनसुद्धा सकाळी मासे पोट वर करून दिसले तर दोष कुणाला द्यायचा?

म्हणून फिल्टर म्हणजे काय ते आधी समजून घेऊ. लोकांना वाटतं फिल्टर म्हणजे गाळणी. पाणी काचेसारखं दिसलं की झालं. पण मासा मरतो तो न दिसणाऱ्या अमोनियानं. मासा खातो, त्यातला बराच भाग कल्ल्यांतून अमोनिया होऊन पाण्यात येतो. फिल्टरच्या आत राहणारे जिवाणू त्या अमोनियाचं आधी नायट्राइट करतात, मग नायट्रेट. पहिली दोन विषारी, तिसरं त्या मानानं सौम्य. म्हणजे फिल्टर हे या जिवाणूंचं घर आहे. घराला जागा पाहिजे आणि हवा पाहिजे. डबा कुठल्या कंपनीचा, याच्याशी त्यांना देणंघेणं नाही.

आता हिशोब. सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच टाकी म्हणजे 24 घनफूट, साधारण 680 लिटर. मरळ उडी मारते आणि हवा घ्यायला वरही येते, म्हणून वर तीन इंच मोकळे सोडून जाळी घट्ट बसवायची. पाणी राहिलं 600 लिटर. त्यात दिवसाला 100 ग्रॅम, 32 टक्के प्रथिनांचं खाद्य टाकलं, तर ढोबळमानानं 3 ग्रॅम अमोनिया-नायट्रोजन तयार होतो. 600 लिटरला भागा: लिटरमागं 5 मिलिग्रॅम, एका दिवसात! काळ्या दगडातल्या बोअरचं पाणी जड असतं, त्याचा सामू म्हणजे पीएच 8 च्या आसपास असणं नवल नाही. सामू 7 असेल तर यातला टक्काभरसुद्धा अमोनिया जहाल रूपात नसतो. सामू 8 आणि पाणी 28 अंश असलं की 6-7 टक्के जहाल होतो, म्हणजे लिटरला 0.3 मिलिग्रॅम. माशाला 0.05 च्या आतच बरं. आपल्या उन्हाळ्यात पाणी आणखी तापतं, तेव्हा गणित आणखी बिघडतं. टाकीत किती किलो मासे हे विचारण्याआधी किती ग्रॅम खाद्य पडतंय ते बघा. विक्रीसाठी दोन दिवस ठेवायचे असतील तर खाद्य बंदच ठेवलेलं उत्तम.

दुसरी गोष्ट लाईट. बंद डब्याचा कॅनिस्टर फिल्टर शहरात चांगला चालतो, नाही म्हणत नाही. पण आपल्याकडं लाईट गेली की त्या डब्यातला प्राणवायू काही तासांत संपतो, जिवाणू मरायला लागतात, आणि लाईट आल्यावर तेच कुजकं पाणी सरळ टाकीत. मरळ वरची हवा घेऊन तगते, रोहू-कटला तगत नाहीत. पण अमोनिया मरळीलाही सोडत नाही.

आमच्या मते दोन गोष्टी एकत्र घ्याव्यात. एक म्हणजे हवेवर चालणारे दोन मोठे स्पंज फिल्टर. एकेक काही शे रुपयांना मिळतो. त्यांचा एअर पंप चार्जिंगचा घ्या, लाईट गेली तरी बुडबुडे चालू राहतात. यात कंजुषी नको.

दुसरा घरी केलेला ड्रम. 50-60 लिटरचा प्लास्टिकचा ड्रम टाकीच्या वर, भक्कम घोडीवर ठेवायचा. औषधाचा, फवारणीचा ड्रम चुकूनही नको. टाकीतल्या मोटरनं पाणी वर चढतं, भोकं पाडलेल्या ताटातून सगळीकडं ठिबकत खाली येतं आणि तळाच्या पाईपनं परत टाकीत पडतं. सगळ्यात वर गादीत भरतात तसला कृत्रिम कापूस, घाण अडवायला. त्याखाली भांडी घासायच्या प्लास्टिकच्या जाळीच्या घासण्या, साबण लावलेल्या नकोत, तारेच्या तर नकोतच. तळाला फुटक्या मंगलोरी कौलांचे नाहीतर पक्क्या भाजलेल्या विटेचे तुकडे, गढूळ पाणी येईनासं होईपर्यंत धुतलेले. शहाबादी फरशीचे तुकडे फुकट मिळतात म्हणून भरू नका. ती चुनखडी, तिला छिद्रं नाहीत, आणि आपल्या जड पाण्याला आणखी चुना कशाला? बीदरचा जांभा छिद्राळ आहे खरा, पण भुगा सुटतो.

या ड्रमात पाणी साठून राहत नाही, ठिबकतं. त्यामुळं लाईट गेली तरी आतला माल ओला आणि हवेशीर राहतो, जिवाणू जास्त वेळ टिकतात. खालचा पाईप मात्र वर चढवणाऱ्या पाईपपेक्षा बराच मोठा हवा. वरचा अर्धा इंची असेल तर खालचा दीड-दोन इंची, नाहीतर रात्री कापूस तुंबून सगळं पाणी दुकानभर.

मोटर घेताना खोक्यावरच्या आकड्यावर जाऊ नका, तो पाणी वर न चढवता मोजलेला असतो. ड्रमच्या तोंडाशी 20 लिटरची बादली धरा. 30 सेकंदात भरली तर तासाला 2400 लिटर, म्हणजे 600 लिटरच्या टाकीचं पाणी तासाला चार वेळा फिरतंय. तेवढं पुरे. 60 वॅटची मोटर दिवसरात्र चालली तर महिन्याला 43 युनिट होतात. दुकानाच्या मीटरवर ते जाणवतीलच, आणि घरी गृहज्योती असली तरी ते सगळे फुकटात बसतील असं धरू नका. टाकीत हात घालण्याआधी प्लग काढा, आणि लाईनवर ईएलसीबी बसवा. पाणी आणि करंट एकाच जागी आहे, यात चालढकल नको.

ड्रम, मोटर, पाईप, स्पंज, एअर पंप मिळून पाच हजारांच्या आसपास बसतं.

धुताना नळाचं पाणी वापरू नका. ब्लिचिंग पावडरनं जिवाणू मरतात. टाकीतलंच पाणी बादलीत घेऊन स्पंज पिळा, आज एक, पुढच्या आठवड्यात दुसरा. कापूस बदलला तरी चालतो, घासण्या आणि कौलं महिनोन्‌महिने हलवू नका. आठवड्याला पाव टाकी पाणी बदला, काढलेलं पाणी भाजीला द्या, नायट्रेट झाडाला खत आहे. नवं पाणी एक दिवस उघड्यावर ठेवून किंवा हवा सोडून घाला, बोअरचंही.

नव्या फिल्टरात जिवाणू बसायला चार ते सहा आठवडे लागतात. ओळखीच्या, निरोगी टाकीतला जुना स्पंज आणून ठेवलात तर लवकर. तोवर चार-पाच मासे, चिमूटभर खाद्य. अमोनियाचं थेंबांचं किट घ्या, दिवसाआड बघा. 0.5 च्या वर आकडा गेला की खाद्य बंद आणि तिसरा हिस्सा पाणी बदल. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही आठवडाभर शून्यावर राहिले, की मग पुढची खेप टाका, तीही निम्मीच.