पाच दिवसांच्या आठवड्याचा हिशेब
महाराष्ट्र शासनाने २९ फेब्रुवारी २०२० पासून आपल्या कचेऱ्यांत पाच दिवसांचा आठवडा अमलात आणला, तेव्हा पूर्वीच्या दुसऱ्या-चौथ्या शनिवारांऐवजी सर्वच शनिवार सुटीचे झाले खरे. परंतु ही सवलत बहाल करताना कामाच्या तासांत कपात न करता त्यांची केवळ पुनर्रचना झाली, हे ध्यानात घेणे अगत्याचे आहे. कचेरीची वेळ पावणेदहा ते सव्वासहा ठरली आणि भोजनाचा अर्धा तास वजा जाता प्रत्यक्ष काम सव्वासात तासांवरून आठ तासांवर गेले. रुग्णालये, पोलीस, अग्निशमन यांसारख्या अखंड सेवा यातून वगळल्या, हे रास्तच. मात्र मजुरी बुडवून दाखल्यासाठी तालुक्याला येणाऱ्या रयतेचा शनिवार गेला आहे. म्हणून सव्वासहापर्यंतची हजेरी खातेप्रमुखांनी कसोशीने पाळून घ्यावी.