तंबाखू नाही, पण धूर तर आहेच

मागच्या आठवड्यात असरच्या नमाजनंतर मंचरला चहाच्या टपरीवर आमचा एक जुना विद्यार्थी भेटला. आता पिकअप चालवतो. नारायणगावहून टोमॅटो भरायचे आणि रात्रीतून वाशी मार्केट गाठायचं. जागरणासाठी आधी विडी लागली, मग सोबत्यांच्या नादाने गांजा. गांजा स्वतःहून सोडला, हे त्याने मान खाली घालून सांगितलं. मग खिशातून एक पाकीट काढलं. वर तुळस, लवंग, हळद, ज्येष्ठमध अशी नावं. ‘हर्बल’ सिगारेट. "सर, यात तंबाखू नाही, नशा नाही. मग चालेल ना?"

हाच प्रश्न हल्ली पालकही विचारतात. म्हणून जरा सविस्तर लिहितो आहोत.

आपल्या पश्चिम पट्ट्यात, डिंभ्याच्या वर, आहुप्याकडे जाऊन पाहा. वर्षानुवर्षं चुलीपुढे बसलेल्या बायका भेटतील. विडीला कधी हात लावलेला नाही, तरी दम लागतो, खोकला सुटत नाही. चुलीत तंबाखू कुठे असते? लाकूड असतं, गोवऱ्या असतात. छातीचं नुकसान धुराने होतं. पान तुळशीचं असो, आपट्याचं असो की तंबाखूचं, ते जळलं की डांबरासारखा चिकट पदार्थ तयार होतो आणि कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. हा वायू रक्तात प्राणवायूची जागा अडवून बसतो. तुळशीचा काढा पोटात जातो, तिचा धूर फुप्फुसात जातो. दोन्हींना एकच औषध समजणं ही गफलत आहे.

अमेरिकेत 2000 साली फेडरल ट्रेड कमिशनने बिनतंबाखूच्या सिगारेटी विकणाऱ्यांना जाहिरातीत स्पष्ट इशारा द्यायला लावला, की या सिगारेटीही आरोग्याला घातक आहेत, त्यांतूनही टार आणि कार्बन मोनॉक्साइड निघतो. ‘हर्बल हुक्क्या’चंही तसंच. त्यात वरच्या कोळशाचा वायू वेगळाच. पाण्यातून आला म्हणून धूर पाक होत नाही.

गंमत म्हणजे तंबाखूसुद्धा आपल्याकडे अशीच सभ्य कपड्यात आली. 1604 च्या सुमारास अकबर बादशहाचा वकील असद बेग विजापूरहून तंबाखू आणि नक्षीदार नळी घेऊन परतला. बादशहाने दोन-चार झुरके मारले. दरबारच्या हकीमाने हरकत घेतली, की आमच्या किताबांत या पानाचा उल्लेख नाही. पण फिरंगी वैद्य तिची तारीफ करतात, असा युक्तिवाद झाला. पुढे जहांगीरने बंदी घातली, तोवर उशीर झाला होता. त्या हकीमाचं तेव्हा ऐकायला हवं होतं, असं आम्हाला राहून राहून वाटतं.

एक गोष्ट मात्र मुलांच्या कानावर घालाच. रस्त्याकडेला उगवणारा धोतरा कुणी ‘जडीबुटी’ म्हणून चिलमीत भरायला सांगेल. एके काळी दम्यासाठी धोतऱ्याच्या सिगारेटी विकल्या जात, हे खरं आहे. पण धोतऱ्याने तोंड कोरडं पडतं, बाहुल्या विस्फारतात, छाती धडधडते, माणूस बरळू लागतो. त्याने जीव जाऊ शकतो. असं काही दिसलं तर घरगुती उपाय करत बसू नका, सरळ दवाखाना गाठा.

आता आमच्या विद्यार्थ्याचं. गांजा सोडला ही छोटी गोष्ट नाही, आणि त्याला आम्ही तसं सांगितलंही. पण चिलमीत गांजासोबत बहुतेक वेळा तंबाखूही असते. म्हणजे गांजा सुटला तरी निकोटीनची तलफ मागे उरते. हर्बल सिगारेटमध्ये निकोटीन नसतं, त्यामुळे ती तलफ भागत नाही, फक्त हाताची आणि ओठांची सवय जिवंत राहते. "पाकीट संपलं की विडी घेतोस ना?" विचारल्यावर तो हसला.

गांजाच्या बाबतीत पालक पोलिसांच्या भीतीने गप्प बसतात. 1985 च्या एनडीपीएस कायद्यात कलम 64 ए आहे. स्वतः होऊन सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन 14446, आणि तंबाखूसाठी 1800-11-2356. दोन्ही फुकट.

विडीवाल्यांनी रमजानचा विचार करावा. तेरा-चौदा तास जो माणूस झुरक्याशिवाय राहतो, तो इफ्तारच्या खजुरानंतर दहा मिनिटांत मस्जिदीबाहेर विडी पेटवतो. निकोटीन सोडल्यावर पहिले दोन-तीन दिवस सर्वांत जड जातात, मग दोन-चार आठवड्यांत जोर ओसरतो. रोज रात्री पुन्हा ओढली तर ते जड दिवस कधी पार होतच नाहीत. तलफेची लाट काही मिनिटांचीच असते. तेवढ्या वेळात पाणी प्यावं, बडीशेप किंवा हिरड्याचा तुकडा तोंडात ठेवावा, मिस्वाक करावी. रोज्यात अर्थातच फक्त मिस्वाक. जुनी, जास्त ओढणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून निकोटीन गम घ्यावा, तोही इफ्तारनंतर.

धुराबद्दल इतकं लिहिलं, पण आपल्या घरांतली खरी तंबाखू धुराची नाहीच. 2016-17 च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ 3.8 टक्के होते आणि बिनधुराची तंबाखू घेणारे 24.4 टक्के. त्यात मिसरी आली. तव्यावर भाजलेली ती काळी पूड "दात साफ करायला" म्हणून हिरड्यांवर फिरते, दिवसातून तीन-चारदा, आणि तिला व्यसन कुणी म्हणत नाही. तोंडाचा कर्करोग मात्र तिच्यानेही होतो.

विद्यार्थ्याने परवा फोन केला. विडीविना सहावा दिवस, चिडचिड होतेय, रात्री गाडीत लवंग चघळतो म्हणाला. मागून अम्मीचा आवाज आला, "सर, याला सांगा, माझी मिसरीची डबी लपवलीय याने!" आम्ही म्हटलं, अम्मीला फोन दे.