डोक्यातला प्रोजेक्ट मॅनेजर

प्रत्येक ऑफिसात असा एक तरी नग असतो. हुशार आहे, काम येतं, पण सुरुवात कुठून करायची आणि वेळ किती लागेल याचा पत्ताच नाही! आपण हसून सोडून देतो. पण हेच एखाद्या पोराच्या वाट्याला अपघातानं आलं तर?

सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावर वळसंगला माझी मावसबहीण राहते. तिचा मुलगा दुसरीत असताना बाइकवरून पडला, डोक्याला मार लागला. टाके निघाले, बोलणं-चालणं फर्स्टक्लास. सगळे म्हणाले, सुटलो! सहावीत गेला आणि गाडी अडली. पाढे पाठ, पण दप्तर भरता येईना. चूक दाखवली की ‘मी चुकलोच नाही’ म्हणून भांडण. नातेवाइकांचं निदान तयारच: आळशी झालाय.

आळस नाही हो. कपाळामागचा फ्रंटल लोब म्हणजे आपला प्रोजेक्ट मॅनेजर, आणि तो पुरता तयार व्हायला विशी उलटते. त्यामुळे लहानपणीची इजा कधी कधी काही वर्षांनी, अभ्यास वाढल्यावर दिसते. स्वतःच्या विचारांवर नजर ठेवणं म्हणजे मेटाकॉग्निशन. हे नाव अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन फ्लॅवेल यांनी १९७०च्या दशकात रूढ केलं. मेंदूला इजा झालेल्या मुलांसाठी मार्क इल्व्हिसाकर यांनी त्याचा साधा क्रम बसवला: ध्येय, आखणी, कृती, आढावा.

ताई आता ऑर्डर सोडत नाही, प्रश्न विचारते. आईनं सांगितलं की आखणी आईची होते, पोराचा मॅनेजर बसूनच! ‘दुकानातून काय आणायचंय? एखादी वस्तू राहिली तर तुला कसं कळेल?’ गणितांआधी तो अंदाज लिहितो. पहिल्यांदा लिहिलं, दहापैकी दहा. आली सहा. कुणी ओरडलं नाही, आकडा त्यानंच पाहिला. पुढच्या खेपेला लिहिलं सात.

जादू नाही ही. बरेचसे अभ्यास छोट्या गटांवरचे आहेत. शिवाय क्लिनिकमध्ये शिकलेलं घरी उतरेलच असं नाही, म्हणून सराव स्वयंपाकघरातच बरा. खरी पंचाईत कागदाची. दिव्यांग हक्क कायदा, २०१६च्या एकवीस प्रकारांत मेंदूच्या इजेचं वेगळं नाव नाही. धडधाकट दिसणाऱ्या पोरासाठी सवलत मागायची तर समजावण्यातच दम निघतो.

आणि हो, २०१९च्या दुरुस्तीनं चार वर्षांवरच्या मुलांनाही बाइकवर हेल्मेट सक्तीचं केलंय. टाकीवर बसवून ‘इथेच तर जायचंय’ म्हणणाऱ्या तमाम बाबांनो, छोट्या साइजचं मिळतं.