एकपंचमांश सेकंदाची हारजीत

दोन धांवपटू एकाच रेषेवरून सुटले, तर पुढें कोण आणि मागें कोण हें कोणासहि सांगावें लागत नाहीं. मोटारींच्या ज्या शर्यतीला 'रॅली' म्हणतात, तिच्यांत मात्र प्रतिस्पर्ध्यांची गांठ रस्त्यावर सहसा पडतच नाहीं. एक गाडी सुटते. तिनें उडविलेली धूळ खालीं बसावी म्हणून कांहीं मिनिटें जाऊं देतात. आणि मग दुसरी सुटते. ज्याची त्याची झुंज घड्याळाशीं. असें असूनहि शेंकडों किलोमीटरांच्या अशा शर्यतीअखेर पहिल्या व दुसऱ्या गाडींत अवघ्या एकपंचमांश सेकंदाचें अंतर उरावें, ही गोष्ट जागतिक रॅली स्पर्धेंत दोन वेळां घडली : २०११ सालीं जॉर्डन देशांत, आणि २०२४ सालीं इटलीच्या सार्डिनिया बेटावर. दोन्ही रस्ते कच्चे, खडीमुरुमाचे होते. आणि दोन्ही प्रसंगीं एक स्पर्धक तोच होता, फ्रान्सचे सेबास्तियाँ ओजिए. पहिल्या वेळीं ते जिंकले. दुसऱ्या वेळीं हरले.

एकपंचमांश सेकंद म्हणजे किती, याचा हिशेब करून पाहण्याजोगा आहे. सार्डिनियांतील त्या शर्यतींत घड्याळावर मोजलेला रस्ता सुमारें २६६ किलोमीटर होता, व त्याचे सोळा टप्पे पाडले होते. तो सर्व कापण्यास पहिल्या दोघांना प्रत्येकीं तीन तासांहून थोडा अधिक वेळ लागला. म्हणजे सरासरी गति ताशीं ८५ किलोमीटरांच्या आसपास पडली. त्या गतीनें एकपंचमांश सेकंदांत गाडी पांच मीटरांहूनहि कमी पुढें सरकते, आणि गाडीची स्वतःचीच लांबी चार मीटरांच्या घरांत असते. मुंबईहून निघून साताऱ्याच्या वेशीपर्यंत यावें, आणि तेथें एका गाडीचें नाक दुसरीच्या शेपटाला जवळजवळ लागलेलें असावें, असा हा प्रकार झाला. फरक इतकाच कीं, प्रत्यक्षांत त्या दोन गाड्या एकमेकींपासून कैक मैल दूर असतात.

या शर्यतीचें खरें मर्म रस्त्यांत आहे. डांबरी रस्ता सर्वांना सारखा असतो; मुरुमाचा रस्ता तसा नसतो. त्याच्या कठीण तळावर सुट्या खड्यांचा थर पसरलेला असतो, आणि फरशीवर मोहरी सांडलेली असतां पाय ठेवावा तशी चाकांची स्थिति होते. पहिली गाडी जाते ती हे खडे दोन्ही बाजूंना उडवीत जाते. तिच्या मागून येणाऱ्या गाडीला उघडा पडलेला टणक तळ मिळतो, चाकें रस्ता धरतात, व वेळ वांचतो. अंगण एकानें झाडावयाचें आणि रांगोळी दुसऱ्यानें काढावयाची! बहुतेक टप्पे दोनदां धांवावयाचे असतात. दुसऱ्या फेरीस झाडण्याचा त्रास कमी होतो, पण तोंवर चाकोऱ्या खोल गेलेल्या असतात, आणि जमिनींतून उपसून निघालेले धारदार दगड टायरांची वाट पाहत असतात.

अर्थातच कोणी कितव्या क्रमांकानें सुटावें, हा प्रश्न कौशल्याइतकाच महत्त्वाचा होऊन बसतो. २०११ सालच्या नियमाप्रमाणें आदल्या दिवशीं जो आघाडीवर असे, त्यालाच दुसऱ्या दिवशीं सर्वांपुढें निघून रस्ता झाडावा लागे. त्यामुळें चालक दिवसाच्या शेवटच्या टप्प्यांत कधीं कधीं मुद्दाम कांहीं सेकंद दवडीत. शर्यतींत उतरलेल्या माणसास मंद जाण्याचा मोह पडावा, तो नियम कितीहि शुद्ध हेतूनें केलेला असो, चमत्कारिकच म्हटला पाहिजे.

जॉर्डनमध्यें या नियमाची पुरती कसोटी लागली. मृत समुद्राच्या कांठीं, म्हणजे समुद्रसपाटीच्याहि चारशें मीटर खालीं, शर्यतीचा तळ पडला होता. युरोपांतून सामान घेऊन निघालेलें जहाज उशिरा पोंचल्यानें पहिल्या दिवसाचे टप्पे रद्दच झाले. दुसऱ्या दिवसअखेर सित्रोएन गाडीचे ओजिए आघाडीवर होते. सबब शेवटच्या दिवशीं खडी झाडण्याचें काम त्यांच्याकडे आलें. मागून झाडलेल्या रस्त्यानें फिनलंडचे तरुण चालक यारी-मट्टि लात्व्हाला आपली फोर्ड गाडी घेऊन येत होते. ओजिए यांची आघाडी टप्प्याटप्प्यानें वितळत गेली, आणि अखेरचा टप्पा सुरू होतांना लात्व्हाला किंचित् पुढें निघून गेलेले होते. त्या एका टप्प्यांत ओजिए यांनीं तूट भरून काढली, आणि एकपंचमांश सेकंदानें शर्यत जिंकली. २००७ सालीं न्यूझीलंडमध्यें मार्कुस ग्रोनहोल्म यांनीं सेबास्तियाँ लोएब यांना तीनदशांश सेकंदानें मागें टाकलें होतें. तो विक्रम जॉर्डनमध्यें मोडला. पुढें नियमहि बदलले. पहिल्या दिवशीं वर्षाच्या गुणसंख्येचा क्रम, आणि नंतरच्या दिवसांत उलटा क्रम, म्हणजे आघाडीचा चालक अखेरीस सुटतो.

गाडींत माणसें दोन असतात, हें येथें सांगावयास हवें. शर्यतीपूर्वीं दोघेहि प्रत्येक टप्प्यावरून मर्यादित गतीनें दोनदां जातात. चालक वळण पाहून तें किती तीव्र, पुढें चढाव कीं उतार, कोठें खडक, हें सांगतो आणि सहचालक तें वहींत लिहून घेतो. शर्यतीच्या दिवशीं वही वाचणें हें सहचालकाचें काम. आणि जो भाग दिसत नाहीं त्यावर चालक केवळ त्याच्या शब्दावर विश्वासून गाडी लोटतो. वेळेचा हिशेबहि सहचालकाकडेच. टप्प्यांमधील प्रवास सामान्य रहदारीच्या रस्त्यानें, रहदारीचे सर्व नियम पाळून करावा लागतो, आणि ठरलेल्या नाक्यावर एक मिनिट उशीर झाला तर दहा सेकंद दंड पडतो. जेथें निकाल एकपंचमांश सेकंदानें लागतो, तेथें हा दंड त्याच्या पन्नासपट झाला.

सार्डिनियानें ओजिए यांना २०१८ सालींच एकदां चटका दिला होता. त्या वर्षीं बेल्जियमचे थिएरी न्यूव्हिल यांनीं त्यांना सातदशांश सेकंदानें हरविलें. २०२४ च्या जूनमध्यें मात्र चित्र निश्चिंत दिसत होतें. आठ वेळां जगज्जेते ठरलेले ओजिए टोयोटा गाडींत होते, आणि एकच टप्पा उरला असतां एस्टोनियाचे ओट तानाक यांच्यापेक्षां ते सहा सेकंदांहून अधिक पुढें होते. उरलेला टप्पा अवघा सात किलोमीटरांचा, समुद्रकांठच्या आर्जेंतिएरा या जुन्या खाणींच्या गांवाकडे जाणारा. सात किलोमीटरांत सहा सेकंद गमावणें चांगल्या चालकाकडून सहसा घडत नाहीं. पण त्या टप्प्यांत ओजिए यांच्या एका टायरांतून हळूहळू हवा जाऊं लागली. गाडी थांबली नाहीं, कोठें आदळलीहि नाहीं. ती फक्त प्रत्येक वळणावर थोडी थोडी मागें पडत गेली. शेवटीं बेरीज झाली तेव्हां ह्युंडाई गाडीचे तानाक एकपंचमांश सेकंदानें विजयी ठरले होते.

तेरा वर्षांपूर्वीं जेवढ्या अंतरानें ओजिए जिंकले, बरोबर तेवढ्याच अंतरानें ते हरले. त्या दिवशीं त्यांच्या टोयोटा संघाचे प्रमुख यारी-मट्टि लात्व्हाला हे होते.